तीन किरणांच्या टेबलावरचा आरसा

मी एक आरसा बोलतोय. पण भांग पाडायला माझ्यासमोर उभे राहू नका, फजिती होईल. तुमचा चेहरा माझ्यात फिकट दिसेल आणि त्याच्या आरपार मागची खिडकीही दिसेल. माझ्यावर पडलेल्या प्रकाशातला एक भाग मी परत पाठवतो आणि दोन भाग पलीकडे जाऊ देतो. जन्मभर हेच केलं. आकाराने मी कोटाच्या मोठ्या बटणाएवढा आहे, पण रुबाब विचाराल तर कपाटाच्या दाराला लावलेल्या आरशांना मी मोजतच नाही.

माझा जन्म काच घासण्याच्या कारखान्यात झाला. आठवडेच्या आठवडे मला घासलं, मग हवा काढून टाकलेल्या एका टाकीत ठेवून माझ्या एका अंगावर पातळ थरांवर थर चढवले. कुठल्या अंगावर थर आहेत हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तिथल्या एका कामगार बाईंनी माझ्या कडेवर पेन्सिलने बारीकसा बाण काढला. त्या बाईंचा चेहरा मला आठवत नाही, पेन्सिलचा दाब मात्र आठवतो.

पातळ कागदात गुंडाळून मी प्रयोगशाळेत आलो. माझ्यासोबत दुसरा एक आरसा होता, अर्धा प्रकाश परत पाठवणारा आणि अर्धा पार सोडणारा. तो पुढे माझा शेजारी झाला. स्वभावाने सरळ, अर्ध्याच्या हिशेबात डोकं लागतंच किती!

प्रयोगशाळेत मला पहिल्यांदा हातात घेतलं ते फिटरकाकांनी. तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये काका वीस वर्षं लेथ चालवत होते. माझ्यासाठी त्यांनी ॲल्युमिनियमची कडी बनवली. पहिली कडी घट्ट झाली, दुसरीत मी खुळखुळलो, तिसरीत असा बसलो की जणू तिथेच जन्मलो. "काचेला आवळायचं नाही," काका स्वतःशीच म्हणाले, "नुसतं धरायचं." मग चार स्क्रूंनी मला टेबलावर बसवलं आणि पुढची पंधरा वर्षं मी तिथून हललो नाही.

त्या खोलीची शिस्त आधी सांगतो. चपला बाहेर. खिडक्यांना काळे पडदे. पोलादाचं जड टेबल हवेच्या पायांवर तरंगणारं, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी आम्हाला धक्का नको. आणि सगळ्या वस्तू काळ्या. कड्या काळ्या, खांब काळे, झाकणं काळी. चकचकीत वस्तूला तिथे थारा नव्हता, कारण चकाकी म्हणजे भलतीकडे गेलेला प्रकाश.

आता माझं काम. तुम्हाला वाटतं, अंधार म्हणजे काहीच नाही. तसं नसतं. पूर्ण अंधारातसुद्धा एक बारीक थरथर उरतेच, ती कुणाला थांबवता येत नाही. आमच्या टेबलावर तीन स्फटिक होते. ते प्रकाशाची थरथर एका बाजूने दाबायचे. फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो, तशी ती दुसऱ्या बाजूने वाढायची. असे तीन दाबलेले किरण आमच्याकडे यायचे. पहिले दोन माझ्यावर भेटायचे, मग त्यातला एक शेजाऱ्याकडे जाऊन तिसऱ्याला भेटायचा. तिथून बाहेर पडताना तिघं एकमेकांत गुंफलेले असायला हवेत, अशी सगळी मांडणी.

गुंफलेले म्हणजे कसे? एकट्या किरणाकडे पाहाल तर नुसता गोंधळ, अंधारापेक्षाही जास्त खरखर. पण तिघांची मापं ठरावीक तऱ्हांनी एकमेकांत मिळवली की खरखर अंधाराच्याही खाली उतरते. इथे हो किंवा नाही असं उत्तर नसतं; तापमापीतल्या पाऱ्यासारखं कितीही कमी, कितीही जास्त. म्हणून आधी किरण झाकून नुसत्या अंधाराची खरखर मोजतात आणि कागदावर एक रेघ ओढतात. मग किरण मोकळे करायचे. मापं मिळवण्याच्या प्रत्येक तऱ्हेत खरखर त्या रेघेखाली गेली, तरच तिघांचं जमलं. एखादीच तऱ्हा जमली तर दोघांचं जमलंय आणि तिसरा आपला सोबत चालतोय.

लोक मला किरण फोडणारा म्हणतात. ज्याला जे दिसतं ते तो म्हणतो. पण माझ्यावर येऊन वाटले गेल्याशिवाय हे किरण एकमेकांचे होतच नाहीत, त्याला मी काय करू?

या सगळ्याला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे आवाज. किरणांची पावलं एकमेकांशी जुळवून धरावी लागतात, त्याला सगळे 'कुलूप लागलं' म्हणायचे. दार आपटलं की कुलूप सुटलं. कुणी हसलं, सुटलं. आणि फिटरकाकांना खोकला होता. जुना, हट्टी, ग्राइंडरच्या धुळीतून आलेला. मोजणी सुरू व्हायची वेळ झाली की काका कुणी न सांगता उठायचे आणि बाहेर व्हरांड्यात स्टुलावर जाऊन बसायचे. माझी कडी त्यांची, खांब त्यांचे, पण मोजणी त्यांनी एकदाही पाहिली नव्हती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना हे मनाला लागायचं. बाई करड्या, कुणाला लवकर शाबासकी न देणाऱ्या. पण एके दिवशी त्यांनी जुन्या रेडिओचा स्पीकर आणला, मोजणीच्या यंत्राला जोडला आणि वायर दाराखालून बाहेर सोडली. "काका, बाहेर बसायचं तर ऐकत तरी बसा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून काका स्टुलावर बसून आमची खरखर ऐकायचे. ती खाली उतरली तर समजायचं, जमलं. वर्षानुवर्षं ती काही उतरली नाही.

मग चिमटी आली. नाव तिचं वेगळं होतं. पण अंगाने एवढीशी आणि हातात सदा बारीक चिमटा, म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव. ती संशोधन करायला आली आणि चार वर्षं आमच्या मागे लागली. माझ्यावर ओणवी व्हायची तेव्हा श्वास रोखून धरायची. काचेवर वाफ येऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. तिचं आणि काकांचं मेतकूट जमलं होतं. डबा ती वर्कशॉपमध्येच खायची आणि लेथच्या कुरकुरीवरून काय बिघडलंय ते ओळखायला शिकली होती.

चौथं वर्ष संपत आलं. तिची मुदत संपायला तीन महिने उरले होते, काकांच्या निवृत्तीला तीन आठवडे. खरखर रेघेला चिकटून बसली होती, खाली जायचं नाव नाही.

तोपर्यंत किरण झाकायला आम्ही काळ्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे वापरत होतो. दर वेळी टेबलावरचं झाकण उघडून हात आत घालायचा, तुकडे ठेवायचे, काढायचे. तेवढ्यात हवा हलायची आणि कुलूप सुटायचं. काकांनी हे पाहिलं आणि जाता जाता एक वस्तू करून दिली. एकच पट्टी, बाहेरून खटका दाबला की तिन्ही वाटा एकदम बंद, पुन्हा दाबला की मोकळ्या. काय सफाई होती! ज्या अंगावर किरण आदळणार ते त्यांनी काळं केलं. दुसरं अंग, आमच्याकडे तोंड असलेलं, त्यावर कुठे प्रकाश पडणार होता? म्हणून ते त्यांनी घासून लखलखीत केलं आणि कोपऱ्यात तीन किरणांच्या तीन बारीक रेघा आणि निवृत्तीची तारीख कोरली.

पण प्रकाश कधीकधी उलट्या पावलीही येतो, हे त्यांना कोण सांगणार? मोजणीच्या यंत्राला स्वतःचा वेगळा प्रकाश लागतो, त्यातला थोडासा मागे सांडतो, शेजाऱ्यावरून आणि माझ्यावरून तो उलटा येतो आणि स्फटिकांकडे निघून जातो. आता वाट बंद झाली की तो त्या लखलखीत अंगावर आपटून परत यंत्रात शिरू लागला. अंधाराची खरखर फुगली. म्हणजे रेघच वर सरकली. मी पाहत होतो. आरशाला दिसतं सगळं, बोलता येत नाही.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सुट्टीमुळे इमारत शांत असताना, भर दुपारी मोजणी झाली. काका स्टुलावर. चिमटीने खटका दाबला: खर्रर्र. पुन्हा दाबला आणि खरखर खाली गेली, चांगली दणदणीत खाली. एक तऱ्हा, दुसरी, तिसरी. सगळ्या रेघेखाली.

चिमटी दार उघडून धावली. "काका, ऐकलंत?"

"ऐकलं गं पोरी," काका म्हणाले आणि मग त्यांना खोकला आला, आणि कुलूप सुटलं, आणि सगळे हसले. बाईसुद्धा. फळ्यावर कुणीतरी तीन किरणांचे तीन हसरे चेहरे काढले. काका मोठ्या पिशवीत आपली हत्यारं भरून घरी गेले. मला त्या दिवशी इतकं वाईट वाटलं, म्हणून सांगू.

लेख लिहून झाला, पाठवून झाला. नवव्या दिवशी सकाळी चिमटी एका स्फटिकाची जागा तपासत होती. पट्टी बंद होती. न दिसणारा प्रकाश दाखवणारं कार्ड तिने सहज माझ्यासमोर धरलं आणि त्यावर एक पुसट ठिपका उमटला. जिथे काहीच नसायला हवं, तिथे. मग पट्टीच्या चकचकीत अंगावर तिने काळं कापड अडकवलं आणि पुन्हा मोजलं.

बाई आल्या तेव्हा ती जमिनीवर बसली होती.

"बाई, रेघ खाली आली."

"कुठली रेघ?"

"अंधाराची. आपली खरखर तिच्या खाली नाहीये. कधीच नव्हती."

बाईंनी आकडे पाहिले, कापड काढून पाहिलं, लावून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या. "लेख मी आज परत मागवते," त्या म्हणाल्या. "पत्र मी लिहीन, तू नको. चूक पकडलीस, हे चांगलं झालं."

"आणि काका?"

"त्यांना कशाला? त्यांचा काय दोष? पट्टी काळी करून टाकू, संपलं. एकतीस वर्षांनी माणूस समाधानाने घरी गेलाय."

चिमटी पट्टीकडे बघत राहिली. त्या तीन रेघा कोणी कोरल्या, हे तिला विचारावं लागत नव्हतं. "बाई, काळी केली आणि गप्प बसले तर त्यांना कधी कळणार नाही," ती म्हणाली. "पण ते भेटतील तेव्हा मला म्हणतील, ऐकलं होतं ना मी? आणि मी हो म्हणू? दर वेळी?"

चिमटीने चपला घातल्या आणि ती गेली.

काकांच्या घरी काय झालं ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, काकूंच्या तोंडून. चिमटी आधी पाणी प्यायली आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. काका ताटावरून उठले. हात धुवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकू चिमटीवर चिडल्या, म्हणाल्या, "अगं, हे सांगायला एवढ्या लांब आलीस? नसतं सांगितलंस तर काय बिघडत होतं?" चिमटी रडायला लागली. मग काका एकदम वळून म्हणाले, "माझी बॅटरी कुठंय? आणि चपला?"

त्या दोघांना एकत्र आत येताना पाहून मी कडीतल्या कडीत उजळलो. काकांनी पट्टी सोडवली. चकचकीत अंगावरून अंगठा फिरवला. "हौस नडली," म्हणाले. बाई म्हणाल्या, "काका, आमच्यातल्या एकानेही मागून बघितलं नाही." काका खाली वर्कशॉपमध्ये गेले आणि तासाभराने पट्टी घेऊन परत आले. दोन्ही अंगं काळी ठिक्कर. कोरीव रेघा आता दिसत नव्हत्या, बोटांना मात्र लागत होत्या.

"आता हे सांग," त्यांनी चिमटीला विचारलं, "खरखर खाली का जात नाही? कुठे सांडतंय?"

"सगळं तपासलं काका."

"आरसे?"

"ते स्वच्छ आहेत. हा तर सगळ्यात स्वच्छ."

हे माझ्याबद्दल होतं, आणि मी फुशारलो. काकांनी बॅटरी माझ्या गालाला लावल्यासारखी आडवी धरली. आडव्या उजेडात माझं सगळं पितळ उघडं पडलं. अकरा वर्षांचा पातळ, तेलकट पापुद्रा, नेमका जिथे किरण भेटतात तिथे. रोज स्वच्छतेचा तोरा मिरवणारा मी, आणि सांडत होतं ते माझ्यामुळे. थोडंसंच, पण या कामात थोडंसं म्हणजे पुष्कळ. वाटेत जेवढा प्रकाश हरवतो, तेवढी अंधाराची थरथर त्याच्या जागी आत शिरते आणि गुंफण उसवते.

"पुसायचा?" चिमटीने विचारलं. "थर नाजूक आहेत. एक ओरखडा गेला तर नवीन यायला चार महिने. माझ्याकडे तीनही नाहीत आता."

"तुझा जीव यात अडकलाय," काका म्हणाले. "दे इकडे."

पातळ कागद भिजवून माझ्यावर ठेवायचा आणि एका सलग ओढीत काढून घ्यायचा, न थांबता, न दाबता. काकांचा हात दगडासारखा स्थिर होता. खोकला मात्र कुणाचं ऐकत नाही. त्यांनी श्वास रोखला. माझ्यावर कागद टेकला, गार. त्यांच्या गळ्यात काहीतरी उसळताना मला दिसत होतं; मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी नकळत स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. कागद सरकत सरकत माझ्या कडेपर्यंत आला आणि सुटला. काकांनी चिमटा चिमटीच्या हातात कोंबला, धावत व्हरांडा गाठला आणि इतके खोकले की खालचा पहारेकरी वर पाहायला आला.

माझ्यावर एकही ओरखडा नव्हता.

पुढचे दोन दिवस पावलं जुळवण्यात गेले. तिसऱ्या दुपारी काका स्टुलावर, आम्ही आत. खटका: खर्रर्र. पुन्हा खटका. खरखर खाली गेली. थोडीशी. मागच्या वेळेसारखी दणदणीत नाही. लक्ष देऊन ऐकलं तरच कळावी इतकी. चिमटीने काळं कापड लावून मोजलं, काढून मोजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. सगळ्या तऱ्हांत खाली. मग बाईंनी तिसऱ्या किरणाची मोजणी बाजूला ठेवायला लावली. उरलेल्या दोघांत काही गुंफलेलं राहिलंय का, ते बघायला. राहिलं होतं, पहिल्यापेक्षा बरंच कमी, पण रेघेखालीच.

चिमटी बाहेर गेली. दार उघडं राहिल्यामुळे मला ऐकू आलं.

"इतकंच?" काकांनी विचारलं.

"इतकंच, काका. पण खरं आहे."

काकांनी स्टूल स्पीकरजवळ ओढलं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा लाव बघू." तिने पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

ते सगळं मागे पडलं. चिमटीचा प्रबंध झाला, ती दुसरीकडे शिकवायला गेली. बाई निवृत्त झाल्या. चार वर्षांनी टेबलभरचं आमचं काम नखाएवढ्या एका तुकड्यावर होऊ लागलं आणि आम्हाला उचकटून खोक्यात भरलं. शेजारी कुठल्याशा शाळेत गेला. मला न्यायला चिमटी स्वतः आली. पातळ कागदात गुंडाळून तिने मला कडीसकट काकांच्या घरी आणलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

आता मी तिथेच असतो. सकाळचं ऊन माझ्यावर पडतं. मी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रंगासाठी घडलो होतो, त्यामुळे उन्हात माझा हिशेब थोडा चुकतो. पण काही भिंतीवर, काही फरशीवर, असं वाटप चालू असतं. काकू रोज सगळं घर पुसतात, मला सोडून. काकांची तशी सक्त ताकीद आहे.

काकांचा खोकला वाढलाय. आणि सवय अशी की उबळ आली की ते अजूनही उठतात, दार ओढून घेतात आणि बाहेर जिन्यात जाऊन खोकतात. स्वतःच्याच घरातून. काकू ओरडायच्या, मग थकल्या.

परवा चिमटी आली होती. चहा झाला, गप्पा चालल्या होत्या. काकांना उबळ आली आणि ते उठू लागले. तिने त्यांची बाही धरली.

"कुठं निघालात?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

"बसा हो काका. आता काही सुटत नाही."

काका बसले. आणि माझ्यासमोर पहिल्यांदा ते खोकले, मनसोक्त, पोटातून, कठडा हादरेपर्यंत. मीही हादरलो. भिंतीवरचा उन्हाचा कवडसा जोरात थरथरला आणि हळूहळू जागेवर आला.

माझं एवढंच मागणं आहे. तुमचं काम शांतपणे व्हावं म्हणून तुमच्या घरातलं, तुमच्या कचेरीतलं कुणी माणूस गुपचूप उठून बाहेर जाऊन बसत असेल. त्याला आत बोलवा. आणि त्याला ऐकवाल ते खरं ऐकवा, थोडं असलं तरी. काका पुन्हा खोकतायत, चिमटी त्यांची पाठ चोळतेय, आणि कुणीही त्यांना गप्प करत नाहीये.